रोपांची हमी : बोलण्यातली आणि कागदावरची



बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्याने किंवा भिगवणच्या पुढे सोलापूरच्या हमरस्त्याने सावकाश जाणाऱ्या माणसाला रोपवाटिकांच्या पाट्या दिसल्यावाचून राहत नाहीत. "खात्रीशीर रोपे", "गॅरंटीची कलमे", "शंभर टक्के जातिवंत". पाटीवरचे अक्षर मोठे असते. पावतीवरचे अक्षर मात्र, पावती मिळालीच तर, फार बारीक असते, आणि तेथे लिहिलेले असते की एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. एकाच दुकानात दोन उलट विधाने. ह्यांतले कोणते खरे धरायचे, हा आजचा विषय.

मी शेतीतज्ज्ञ नाही, वकीलही नाही. माझे शाळेतले शिक्षण थोडके. कायदा म्हणून जे काही शिकलो ते कामगार न्यायालयाच्या बाहेरच्या बाकावर बसून. मग ह्या विषयात मी कशाला शिरलो, असे कोणी विचारील. कारखान्यातला कामगार म्हणजे शेतीपासून तुटलेला माणूस, ही मुंबईची समजूत आहे. वालचंदनगर, भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर येथला कामगार पाळी संपली की सायकल किंवा फटफटी काढून आपल्या दोन एकरांत जातो. मुलीचे लग्न झाले आणि हाती थोडी पुंजी उरली की भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेऊन डाळिंब लावतो. त्यामुळे पगारवाढीच्या बैठकीत बागेची गोष्ट निघतेच, आणि बुडालेल्या बागेचे ओझे शेवटी संघटनेच्या टेबलावर येऊन पडते.

पहिली गोष्ट ही की "हमी" ह्या एका शब्दात चार वेगवेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात, आणि भांडणे होतात ती बहुतेक ह्या घोटाळ्यातूनच. रोप लावल्यावर जगेल, ही एक. ज्या जातीचे म्हणून दिले त्याच जातीचे ते निघेल, ही दुसरी. ते रोग घेऊन येणार नाही, ही तिसरी. आणि अमुक इतके उत्पन्न देईल, ही चौथी. विकणारा पहिलीविषयी बोलतो, घेणारा चौथी ऐकतो. दुकानातून पाय बाहेर पडण्यापूर्वीच दोघांचे करार निराळे झालेले असतात.

जगण्याच्या हमीबद्दल फार बोलायला नको. रोप हे जिवंत माल आहे. घड्याळ बिघडले तर त्यात मालकाने पाणी कमी घातले का, असे कोणी विचारत नाही. रोपाच्या बाबतीत तो प्रश्न रास्तच आहे. उतिसंवर्धित केळीचे रोप हरितगृहातून बाहेर काढून शेडनेटमध्ये काही आठवडे कणखर करावे लागते. तसे न करता दिले तर ते एप्रिलच्या उन्हात करपते, आणि तो दोष रोपवाटिकेचा. पण नीट कणखर केलेले रोप शेतकऱ्याने दुपारी बारा वाजता कोरड्या खड्ड्यात लावले, तर त्याची भरपाई कोणी द्यायची? म्हणून विचारी रोपवाटिकावाले काही टक्के रोपे मेली तर बदलून देण्याचे कबूल करतात आणि मुदत घालतात. अमेरिकेतल्या मोठ्या साखळी दुकानांतून झाड किंवा झुडूप वर्षाच्या आत मेले तर पावती दाखवून पैसे परत मिळतात. तेथला दुकानदार आपल्यापेक्षा सज्जन आहे असे नव्हे. शंभरांतली किती झाडे मरतील ह्याचा हिशेब त्याने आधीच किमतीत धरलेला असतो. तसे पाहिले तर गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात त्याच अमेरिकेत गावोगाव फिरून झाडे विकणारे फेरीवाले बदनाम होते. रंगीत चित्रे दाखवून सफरचंदाची नावे सांगायची आणि फळ धरेपर्यंत पसार व्हायचे. तेथील राज्यांनी कायदे केले ते ह्या अनुभवानंतर.

आता जातीची हमी. येथे मला थोडे थांबायचे आहे, कारण खरी लुबाडणूक येथे होते आणि ती उघडकीला यायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो.

मेलेले रोप पंधरा दिवसांत दिसते. चुकीच्या जातीचे रोप मात्र उत्तम वाढते. हिरवेगार, तजेलदार. पपईचे रोप घ्या. आपल्या भागात लोकप्रिय असलेल्या तैवानी संकरित जातीत नुसती नराची झाडे निघत नाहीत. निघतात ती मादी किंवा उभयलिंगी. ह्या जातीचे म्हणून घेतलेल्या रोपांत चार-पाच महिन्यांनी लांब दांड्यांवर नरफुलांचे झुपके लोंबू लागले, तर बी भलतेच होते हे उघड होते. पण तोवर खत, मजुरी, ठिबकच्या नळ्या ह्यांत पैसा गेलेला असतो. आंब्याचे तर विचारूच नका. केसर म्हणून लावलेले कलम रायवळ निघाले, हे कळायला चार-पाच वर्षे लागतात. तोवर रोपवाटिका जागेवर असेल की नाही, कोणी सांगावे!

येथे एक खुलासा करतो, कारण शहरातल्या मंडळींची तक्रार नेहमी ह्यातून येते. लाल गुलाबाची कुंडी आणली, वर्षभरात तिला बारीक, भलतीच फुले येऊ लागली, म्हणजे दुकानदाराने फसवले असा निष्कर्ष काढण्यापूर्वी खाली वाकून जोड पाहावा. गुलाब डोळा भरून तयार करतात. जोडाच्या खालून, म्हणजे रानटी खुंटातून फूट आली आणि आपण ती खुडली नाही, तर ती वरच्या डोळ्याला उपाशी मारते आणि झाड सगळे खुंटाचे होऊन बसते. आंब्याच्या कलमाचेही तेच, डॉगरिज खुंटावर भरलेल्या द्राक्षाचेही तेच. जोडाच्या वरून आलेली फांदी भलत्या जातीची असेल तर दोष विकणाऱ्याचा. जोडाच्या खालून आली असेल तर निगराणीचा. एवढी एक गोष्ट पाहिली तर निम्मी भांडणे दुकानाच्या पायरीवरच मिटतील.

जातीची खात्री पटवायची तर झाडाची वंशावळ लागते. लग्न जमवताना आपण सात पिढ्या विचारतो, आणि तीस वर्षे शेतात उभे राहणारे झाड आणताना त्याची आई कोण हे विचारत नाही! कायद्याने मात्र ते विचारले आहे. १९६९ साली महाराष्ट्राने फळरोपवाटिका आणि फळझाडांची विक्री ह्यांचे नियमन करणारा कायदा केला. त्याचा गाभा असा की फळझाडांची रोपवाटिका चालवायला कृषी खात्याचा परवाना हवा, खुंट कोठून आणला आणि डोळा किंवा काडी कोणत्या मातृवृक्षावरून घेतली ह्याची नोंद हवी, आणि विकल्या जाणाऱ्या कलमाला त्याच्या जातीची चिठ्ठी हवी. कायदा होऊन पन्नास वर्षांवर झाली. रोपवाटिकेत जाऊन "परवाना दाखवा आणि मातृवृक्ष दाखवा" एवढी दोन वाक्ये उच्चारून पाहा. चांगला रोपवाटिकावाला आनंदाने बागेत घेऊन जातो. त्याला गिऱ्हाईक जाणते आहे ह्याचा संतोषच होतो. दुसऱ्या प्रकारचा माणूस चहा मागवतो.

उसाच्या बाबतीत वंशावळीचा हा विचार आपल्या भागाला नवा नाही. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचे नाव नीरेच्या खोऱ्यात कोणाला माहीत नाही? बेण्याची तीन पायऱ्यांची पद्धत तेथूनच आणि मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडून कारखान्यांपर्यंत आली : मूलभूत बेणे, पायाभूत बेणे, प्रमाणित बेणे. मूलभूत बेण्याला ५४ अंश सेल्सिअस उष्णतेच्या बाष्पहवेची अडीच तास प्रक्रिया देतात, कारण काणी आणि गवताळ वाढ हे रोग कांडीतूनच पुढच्या लागणीत जातात. आता कांडीऐवजी एक डोळ्याची, ट्रेमध्ये वाढवलेली रोपे आली आहेत. पाच फूट बाय दोन फुटांवर लागण केली तर एकरी ४,३५६ रोपे लागतात. हा धंदा इतका वाढला की जागा, कोकोपीट आणि ट्रे असलेला कोणीही तो करू शकतो. डोळे कोणत्या उसाचे, तो उसाचा प्लॉट कितव्या पिढीचा, प्रक्रिया झाली की नाही, हे विचारणारा शंभरांत एखादाच. को ८६०३२ म्हणून घेतलेल्या ट्रेत दोन-तीन जाती मिसळलेल्या निघाल्या, तर तोडणीच्या वेळी पक्वतेचा घोळ होतो. ते नुकसान कोणत्याही पावतीत दिसत नाही.

तिसरी हमी रोगाची. ह्या हमीवर इंदापूर तालुक्याने फार सोसले आहे. डाळिंबाचा तेल्या हा जिवाणूंमुळे होणारा रोग. तो पावसाच्या शिंतोड्यांतून पसरतो हे खरे, पण नव्या भागात, नव्या शेतात तो पहिल्यांदा पोहोचतो तो बहुधा रोगट बागेतल्या गुटीबरोबर. रोगट झाडावर गुटी बांधली तर गुटीही रोगट, एवढे हे सरळ आहे. सूत्रकृमी पिशवीतल्या मातीतून येतात, मर रोगाची बुरशीही तशीच. म्हणून गुटी ज्या बागेतली, ती बाग तेल्यामुक्त होती काय, हा प्रश्न भावापेक्षा महत्त्वाचा.

काही वर्षांपूर्वी आमच्या सभासदांपैकी काहींनी मिळून एका रोपवाटिकेतून डाळिंबाची रोपे आणली. एकत्र आणली म्हणून रोपामागे दोन रुपये कमी पडले, ह्याचा आनंद होता. दुसऱ्या वर्षी सगळ्यांच्याच बागांत तेल्या आला, आणि तो अशा शेतांत, जिच्या आसपास कोसभर डाळिंबाची बाग नव्हती. मी त्यांना कागद मागितले. एका वहीच्या पानाचा तुकडा निघाला, त्यावर पेन्सिलीने आकडा आणि "रोख" असा शब्द. जातीचे नाव नाही, तारीख नाही, सही नाही. रोपवाटिकेचा मालक म्हणाला, ही रोपे माझी कशावरून? आणि खरोखरच, कशावरून? दोघांनी तर संतापून बागा उपटून बांधावर टाकल्या होत्या. त्यांचा संताप मला समजतो. उचलीचे हप्ते पगारातून कापले जात होते. पण उपटलेल्या झाडाबरोबर पुरावाही गेला. ते प्रकरण कोठेच पोहोचले नाही.

केळीसाठी एक व्यवस्था झाली आहे ती सांगितली पाहिजे. उतिसंवर्धनात एका गड्ड्यापासून हजारो रोपे होतात. तो गड्डा विषाणूग्रस्त असेल तर हजारो रोपे विषाणूग्रस्त. म्हणून २००६ साली केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने अशा रोपांच्या प्रमाणीकरणाची राष्ट्रीय पद्धत सुरू केली. तिच्यात मातृसामग्री आणि रोपांचे गट विषाणूंसाठी तपासले जातात, पर्णगुच्छ, मोझाइक, स्ट्रीक वगैरे, आणि रोपे जातीशी इमान राखून आहेत की नाही हेही पाहिले जाते. प्रमाणित गटाला प्रमाणपत्राची चिठ्ठी मिळते. सहा बाय पाच फुटांवर एकरी १,४५२ रोपे लावणाऱ्याने ती चिठ्ठी मागून जपून ठेवावी. दुसरी गोष्ट ताजी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने स्वच्छ रोपांचा कार्यक्रम मंजूर केला. देशभरात नऊ केंद्रे आणि १,७६५.६७ कोटी रुपये. त्यांत द्राक्षासाठी पुणे, डाळिंबासाठी सोलापूर आणि संत्र्यासाठी नागपूर ही महाराष्ट्राच्या वाट्याला आलेली ठिकाणे. रोगमुक्त मातृवृक्ष सरकारच्या प्रयोगशाळेतून रोपवाटिकांना मिळावेत असा हेतू आहे. हेतू चांगला आहे. दोन एकरवाल्याला ते रोप कोणत्या भावाने मिळणार, ह्यावर माझी नजर आहे.

मात्र रोग दिसला की रोपवाटिकेने फसवले, असे म्हणून चालत नाही. २०२० च्या उन्हाळ्यात जुन्नर, अकोले ह्या बाजूला टोमॅटोची फळे चट्टेपट्टेदार होऊ लागली. बी खराब होते, असा सगळीकडे बोभाटा झाला. नमुने बेंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत गेले आणि तपासणीत विषाणू आढळले. असे विषाणू मावा, पांढरी माशी, फुलकिडे शेतात आल्यावरही पसरवतात. तेव्हा रोग बियाण्याबरोबर आला की वाऱ्यावरून आला, हे डोळ्यांनी पाहून ठरत नाही; ते तपासणीने ठरते.

चौथी हमी उत्पन्नाची. रोपवाटिकावाल्याने एकरी टनांचा आकडा सांगितला तर तो ऐकून सोडून द्यावा, असे मी म्हणत असे. पण कायदा वाचताना एक कलम सापडले, ते आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. वनस्पतींचे वाण आणि शेतकऱ्यांचे हक्क ह्यांच्या संरक्षणाचा कायदा २००१ साली झाला. त्याच्या ३९ व्या कलमात म्हटले आहे की ह्या कायद्याखाली नोंदलेल्या वाणाची लागवडसामग्री विकताना, अमुक परिस्थितीत अमुक कामगिरीची अपेक्षा आहे हे पैदासकाराने शेतकऱ्याला सांगितले पाहिजे. आणि त्याच परिस्थितीत ती कामगिरी दिसली नाही, तर शेतकरी प्राधिकरणाकडे भरपाई मागू शकतो. लागवडसामग्री ह्या शब्दात रोपही आले. अट एवढीच की वाण नोंदलेला हवा, आणि काय सांगितले होते ते कागदावर हवे. पुन्हा कागद!

आता पैसे परत मिळण्याच्या वाटेकडे येतो. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ह्या ओळीला लोक विनाकारण भितात. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्यापासून तत्त्व असे आहे की वर्णन करून विकलेला माल वर्णनाप्रमाणे असला पाहिजे. आणि २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा तर स्पष्ट म्हणतो : सदोष माल परत घेऊन पावतीवरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत पैसे परत करण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावती न देणे हीसुद्धा अनुचित प्रथा. आणि पुरेशा चाचणीचा आधार नसताना मालाच्या कामगिरीची किंवा आयुष्याची हमी देणे हीही. म्हणजे "शंभर टक्के गॅरंटी" ही पाटी दुकानदाराच्या बाजूने नसून त्याच्यावरच उलटणारी आहे. लक्षात ठेवा, कायदा सदोष मालाविषयी बोलतो. कुंडीचा रंग घरच्यांना आवडला नाही म्हणून परत करणे ही दुकानदाराची मर्जी.

जुना बियाणे कायदा १९६६ चा. त्यात बियाणे ह्या शब्दाखाली अन्नपिकांची रोपे, कंद, फाटे, सर्व प्रकारची कलमे येतात, हे वाचून मला प्रथम फार बरे वाटले होते. मग शिक्षेचे कलम वाचले. पहिल्या अपराधाला पाचशे रुपयांपर्यंत दंड! १९६६ साली पाचशे रुपये म्हणजे गिरणीकामगाराचा काही महिन्यांचा पगार होता. पुढे पगार वाढले, महागाई वाढली. कायद्याच्या पुस्तकातला तो आकडा मात्र तसाच बसून राहिला. शिवाय दंड सरकारला जातो. शेतकऱ्याच्या हातात त्यातला एक पैसाही पडत नाही. म्हणून भरपाईसाठी ग्राहक आयोग हीच आपल्या कामाची जागा.

तेथे कंपन्यांचे वकील कोणते आक्षेप घेतात, ते एका प्रकरणात एकत्र पाहायला मिळतात. आंध्रातल्या शेतकऱ्यांनी राष्ट्रीय बियाणे महामंडळाविरुद्ध निकृष्ट बियाण्याच्या तक्रारी केल्या होत्या. १६ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निकाल दिला. महामंडळाचे म्हणणे असे : बियाण्यांचा स्वतंत्र कायदा असल्याने ग्राहक मंचाला अधिकार नाही, करारात लवादाची अट आहे, शेतकऱ्याने माल व्यापारासाठी घेतला म्हणून तो ग्राहक नाही, आणि बियाणे प्रयोगशाळेत तपासलेले नाही. न्यायालयाने एकेक करून चारही आक्षेप बाजूला सारले. स्वतःच्या उपजीविकेसाठी शेती करणारा हा ग्राहकच आहे. आणि शेतकऱ्याने सगळे बी पेरून टाकलेले असताना तपासणीसाठी नमुना त्याच्याकडे मागणे रास्त नाही. हा निकाल बियाण्याचा असला तरी रोपाला त्याचा आधार घेता येतो, आणि रोपाची बाजू एका अर्थाने अधिक बळकट आहे : बी मातीत विरते, रोप शेतात उभे असते. म्हणूनच सांगतो, बाग उपटायची झाली तरी दहा-वीस झाडे राखून ठेवा.

तक्रार कशी करायची? दोष दिसताच रोपवाटिकेला लेखी कळवावे, पोहोच घ्यावी. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज द्यावा. तेथल्या तक्रार निवारण समितीत कृषी खात्याचे अधिकारी असतात आणि शास्त्रज्ञही असतो; ते शेतावर येऊन पाहणी करतात. पाहणीच्या वेळी रोपवाटिकेच्या मालकाला नोटीस गेली आहे ना, हे स्वतः विचारून खात्री करावी. विरुद्ध पक्षाच्या अपरोक्ष झालेला पंचनामा पुढे लंगडा पडतो. खातेचौकशीत कामगाराला न बोलावता घेतलेली साक्ष आम्ही जशी फेटाळून लावतो, तसेच हे. अहवालात "पीक खराब आहे" एवढेच लिहिलेले नसावे. का खराब आहे ते लिहिलेले असावे. पाणी, खत, हवामान ही कारणे पाहून वगळली, असे अधिकाऱ्यांनी नमूद केले तर अहवालाला वजन येते. माळेगावच्या कृषी विज्ञान केंद्राकडून, सोलापूरच्या डाळिंब संशोधन केंद्राकडून सल्ला घेता येतो. सातबाऱ्यावर पिकाची नोंद हवी. २०२१ पासून ती ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतःच करायची आहे, आणि पुष्कळांची ती राहून जाते. मग शेतात केळी असते आणि कागदावर पडीक.

मूळ किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते, आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराला स्वतः राहतो तेथल्या आयोगाकडे जाता येते, म्हणजे रोपे दुसऱ्या जिल्ह्यातून आणली असली तरी इंदापूरच्या माणसाला पुण्यालाच तक्रार करता येते. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची, कारण घडल्यापासून. आंब्याचा पेच येथेच आहे : कारण रोप घेतले त्या दिवशी घडले की भलते फळ दिसले त्या दिवशी? फळ दिसले त्या दिवशी, असे आपण म्हणावे, आणि उशीर माफ होण्याचा अर्जही सोबत जोडावा. सबळ कारण असेल तर आयोगाला तो अधिकार आहे.

आता संघटनेच्या माणसाला सुचणारी गोष्ट. ह्याच कायद्यात एकसारखे हितसंबंध असलेल्या अनेकांच्या वतीने आयोगाच्या परवानगीने एकच तक्रार करण्याची सोय आहे. हिशेब पाहा. साडेचार बाय तीन मीटरवर हेक्टरी ७४० डाळिंबे. रोप समजा चाळीस रुपयांचे, तर किंमत झाली २९,६०० रुपये. एवढ्यासाठी एकटा माणूस पुण्याच्या किती खेपा घालील? मालकाला हे ठाऊक असते, आणि तो वेळ काढतो. चाळीस जण एका कागदावर आले की वेळ काढणे महाग पडते. शिवाय चाळीस वेगवेगळ्या शेतांत, वेगवेगळ्या पाण्यावर, वेगवेगळ्या हातांखाली एकच दोष निघाला, तर "तुमची निगराणी चुकली" हे उत्तर कोणाला द्यायचे? संख्या हाच पुरावा होतो. आणि मागणी नुसत्या रोपाच्या किमतीची करू नये. आयोग किमतीबरोबर नुकसानभरपाईही देऊ शकतो. पण खड्डे, ठिबक, खते, मजुरी ह्यांच्या पावत्या आणि शेजारच्या चांगल्या बागेची बाजारपट्टी जोडल्यावाचून आकडा हवेतच राहतो.

रोपवाटिकेच्या आत काम करणाऱ्यांचा शब्दही येथे यावा. गुटी बांधणाऱ्या, डोळे भरणाऱ्या, पिशव्या भरणाऱ्या बहुतेक बायाच आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी मजुरी नगावर मिळते. दिवसाला जितकी कलमे बांधाल तितके पैसे. मग चाकू निर्जंतुक करायला हात कशाला थांबेल? तक्रार आली की मात्र मालक म्हणतो, बायांनी चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. मी अशा काही जणींशी बोललो आहे. कोणत्या वाफ्यातले कलम रोगट आहे, कोणत्या झाडावरून काडी घेऊ नये, हे त्यांना मालकाच्या आधी कळते. ते सांगितले म्हणून त्यांचा रोज बुडता कामा नये. नगावरची मजुरी आणि जातिवंतपणाची हमी ह्या दोन गोष्टी एका छपराखाली नांदणे कठीण आहे, असे माझे मत आहे, आणि मालकमंडळींनाही मी ते सांगत आलो आहे.

मृगाला थोडेच दिवस राहिले आहेत. पुष्कळांनी रोपांसाठी इसारही देऊन ठेवला असेल. उरलेले पैसे देताना छापील पावती मागा. तिच्यावर रोपवाटिकेचा परवाना क्रमांक, रोपांची संख्या, जातीचे नाव, कलम असेल तर खुंटाचेही नाव, मातृबाग कोणती, रोपांचा गट किंवा ट्रे भरल्याची तारीख, आणि मर झाल्यास किती दिवसांत किती रोपे बदलून मिळतील, हे लिहून घ्या. जातीची चिठ्ठी लावलेले एक रोप गाडीत भरताना फोटो काढून ठेवा, आता तो प्रत्येकाच्या खिशात निघतो. मालक लिहून द्यायला तयार नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पण त्याहून सोपे म्हणजे इसार परत मागून पुढच्या रोपवाटिकेत जाणे. लावल्यावर पावती सातबाऱ्याच्या फाइलमध्ये ठेवा, गाडीच्या कप्प्यात नको. आंबा लावला असेल तर ती निदान सहा वर्षे सापडली पाहिजे.